‘सुरक्षित खेळ’ कार्यशाळा : पंधराशे रुपये वसूल झाले का?

आधीच सांगतो, खेळात मुलामुलींचा लैंगिक छळ कसा रोखायचा हे प्रशिक्षकांना शिकवणाऱ्या या कार्यशाळेला मी हौसेने गेलो नव्हतो. जिल्ह्याच्या बैठकीत ठरलं की प्रत्येक संस्थेने एक तरी प्रशिक्षक पाठवायचाच. आमच्याकडे आम्ही तिघं. एकाच्या घरी बारसं, दुसरीची परीक्षा, उरलो मी. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी तेवीस वर्षं मल्लखांब शिकवतोय, पुरलेला आणि दोरीचा. एवढ्या वर्षांत आपल्या व्यायामशाळेत ‘तसलं’ काही झालेलं नाही, मग मला कोण काय शिकवणार, अशा तोऱ्यात पहाटे साडेपाचची स्वारगेट गाडी धरली.

आयोजक संस्थेचं नाव लिहीत नाही. माणसं ओळखीची आहेत आणि खाली चार गोष्टी बोचतील अशा लिहिणार आहे. ज्यांना अशा कार्यशाळेला जायचंय त्यांना नावाशिवायही अंदाज येईल. फी १,५०० रुपये, त्यात दोन चहा, जेवण, पुस्तिका आणि प्रमाणपत्र. वेळ साडेनऊ ते पाच. आम्ही ३८ जण होतो. कबड्डी, खो-खो, ज्युदो, पोहण्याचे दोघं-तिघं, शाळांमधले पीटीचे सर आणि मल्लखांबाचे आम्ही दोघं. त्यात बायका सातच.

पहिलं सत्र कायद्याचं. मी पेंगायच्या तयारीत बसलो होतो, पण वकीलबाईंनी पेंगू दिलं नाही. त्यांनी सुरुवातच प्रश्नाने केली: तुमच्या सहकाऱ्याबद्दल एखादं पोर तुम्हाला काही सांगतं. तुम्ही पहिल्यांदा कोणाला फोन कराल? बहुतेक हात ‘संस्थेचे अध्यक्ष’ला वर झाले. माझाही. आधी आपापसात शहानिशा करू, खरं-खोटं बघू, मग पुढचं. बाई म्हणाल्या, तुम्ही सगळे आत जाल.

पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, २०१२ चा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू. तो आहे एवढं ठाऊक होतं. कलम १९ मात्र मी कधी वाचलं नव्हतं. मुलावर लैंगिक गुन्हा घडल्याचं कळलं, किंवा घडेल अशी शंका आली, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलिस पथकाला कळवणं कोणत्याही माणसावर बंधनकारक आहे. चौकशी करायची, पुरावा गोळा करायचा, हे आपलं काम नाही. कळवलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं झाकलं तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. ज्युदोच्या एका सरांनी विचारलं, आणि शंका खोटी निघाली तर? बाईंनी कलम १९ मधलंच पोटकलम वाचून दाखवलं: चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर कारवाई होत नाही. त्या वाक्यावर निम्म्या हॉलचे खांदे सैल झाले. बोलावं की नाही या घोळात माणसं का अडकतात, ते तिथे डोळ्यांनी दिसलं.

आणखी दोन गोष्टी मी वहीत लिहून घेतल्या. पोराचा जबाब त्याच्या घरी किंवा ते म्हणेल त्या ठिकाणी घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, आणि पोलिसाने गणवेशात यायचं नसतं. आपल्याकडे पालक पोलिस ठाण्याच्या पायरीलाच घाबरतात, त्यांना हे सांगितलं तरी पुष्कळ फरक पडेल. दुसरी गोष्ट, अठराच्या पुढच्या मुली आणि महिला प्रशिक्षक यांच्यासाठी २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या छळाचा कायदा. त्यातल्या ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम आणि स्पर्धेची जागा नावानिशी लिहिलेली आहे. मी समजत होतो तो कायदा बँका आणि कंपन्यांचा. आमच्या मैदानालाही तो लागू आहे हे कळायला मला दहा वर्षांहून जास्त लागली.

मग चहा. चहा पाणचट होता.

दुसऱ्या सत्रात एका मॅडमनी जुनी प्रकरणं सांगितली. हरियाणातली चौदा वर्षांची टेनिस खेळणारी मुलगी, घटना १९९० ची. आरोपी राज्य टेनिस संघटनेचा अध्यक्ष आणि वर पोलिस दलातला वरिष्ठ अधिकारी. तीन वर्षांनी मुलीने जीव दिला. त्याला दोषी ठरवलं गेलं २००९ च्या डिसेंबरात, आणि पहिली शिक्षा किती, तर सहा महिने. हॉलमध्ये कोणी चुळबुळसुद्धा केली नाही. २०२३ साली जंतरमंतरवर आपल्या पैलवान मुली बसल्या होत्या, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेलं. तो विषय निघताच मात्र दोन-तीन जणांनी राजकारण सुरू केलं आणि मॅडमनी ते तिथेच थांबवलं. बरं केलं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती लॅरी नासरवर. अमेरिकेच्या जिम्नॅस्टिक्स संघाचा डॉक्टर. २०१६ साली इंडियानापोलिसच्या वर्तमानपत्राने प्रकरण बाहेर काढलं आणि २०१८ च्या जानेवारीत मिशिगनच्या कोर्टाने त्याला ४० ते १७५ वर्षांची शिक्षा दिली. त्याआधी दीडशेहून जास्त मुली आणि बायका कोर्टात एकेक करून उभ्या राहिल्या आणि बोलल्या. हा माणूस जे करायचा ते उपचाराच्या नावाखाली, आणि काही वेळा आई किंवा वडील त्याच खोलीत बसलेले असायचे.

इथे पोहण्याचे एक सर उठले. म्हणाले, सकाळपासून तुम्ही सांगताय दार उघडं ठेवा, दुसरा मोठा माणूस जवळ ठेवा. इथे तर आई खोलीत होती. मग उघड्या दाराचा उपयोग काय?

अख्ख्या दिवसातला सगळ्यात चांगला प्रश्न. मॅडमचं उत्तरही तोडीस तोड होतं. त्या म्हणाल्या, आई बघत होती, पण काय बघायचं हे तिला माहीत नव्हतं. खरा उपचार कसा असतो, हात कुठपर्यंत जायला हवा, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. तुमच्या खेळात कुठला हात कुठे आणि कशासाठी लागतो, हे पोराला आणि पालकांना आधीच ठाऊक असलं, तर वावगा हात त्यांना ओळखता येईल. नाहीतर दार सताड उघडं ठेवूनही कोणाला काही दिसायचं नाही.

हे वाक्य मी जेवताना डोक्यात घोळवत होतो. (जेवण उत्तम. मसालेभात, मटकीची उसळ, जिलेबी. चहावाल्याने त्या आचाऱ्याकडे शिकायला जावं.) कारण मल्लखांब हा हात लावल्याशिवाय शिकवता येणारा खेळ नाही. कबड्डीचे सर रेषेवर उभं राहून ओरडून शिकवू शकतात. मी सात वर्षांच्या पोराला पहिली अढी (पायांनी खांबाला घालायची पकड) शिकवतो तेव्हा ते डोकं खाली, पाय वर असं खांबावर असतं, खांबाला एरंडेल लावलेलं, आणि त्याचा सगळा भरवसा माझ्या दोन हातांवर. दोरीवर तर मुलगी दहा फुटांवर उलटी असते.

जेवणानंतरचं सत्र नेमकं त्यावर होतं, ‘आधार’ या विषयावर. जिम्नॅस्टिक्सच्या एका ताईंनी घेतलं. त्यांनी गादी टाकली आणि विचारलं, तुमच्यातलं कोण मल्लखांबाचं? मला पुढे बोलावलं, समोर एक कॉलेजची मुलगी उभी केली, तिला हातांवर उभं राहायला सांगितलं आणि मला म्हणाल्या, धरा. मी तेवीस वर्षांच्या सवयीने धरलं. एक हात पोटावर, एक मांडीच्या मागे. ताई म्हणाल्या, तुमचा हात चुकला असं मी म्हणत नाही. पण तुम्ही तिला काही बोलला नाहीत.

मग त्यांनी स्वतः केलं. आधी तोंडाने: ‘मी कंबरेला आणि गुडघ्याच्या वर धरणार आहे, चालेल?’ मुलीने मान हलवली, मग हात. कंबरेच्या हाडावर बाहेरून, तळवा उघडा, बोटं जुळलेली. दुसरा हात गुडघ्याच्या वर, पुढच्या बाजूने. तोल सांभाळला गेला की ‘सोडतेय’ म्हणून सोडायचं. मला तीनदा करायला लावलं. पहिल्यांदा मी ‘चालेल?’ असं ज्या आवाजात विचारलं, तो आवाज ‘नाही म्हणून तर बघ’ असा होता, आणि हॉल हसला. तिसऱ्यांदा जमलं. गंमत म्हणजे पोटापेक्षा कंबरेच्या हाडाचा आधार जास्त पक्का बसतो. पोट मऊ, तिथे हात सरकतो. म्हणजे तांत्रिकदृष्ट्याही मी इतकी वर्षं कच्चाच आधार देत होतो, आणि हे मला सुरक्षेच्या कार्यशाळेत कळलं.

मी माझी अडचण सांगितली. पोर वरून सुटलं तर विचारायला वेळ नसतो, हाताला जे लागेल ते धरायचं. गेल्या वर्षी दोरीवरून एक मुलगी निसटली, मी छातीपाशी झेललं. ती काही बोलली नाही, मीही नाही. तो विषय माझ्या मनात अजून तसाच पडून होता, आणि तिच्याही असेल. ताई म्हणाल्या, झेलायचंच, हाड मोडण्यापेक्षा ते बरं. पण लगेच, सगळ्यांसमोर, साध्या आवाजात सांगायचं: ‘धरताना हात इथे लागला, लागलं का तुला?’ आणि हजेरीच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर एक ओळ लिहायची. जे बोललं गेलं ते तिथेच संपतं.

पंधराशे रुपये इथे वसूल झाले. खरं तर हे एकच सत्र तीन तासांचं करून त्याचे हजार घेतले असते, तरी मी दिले असते.

वहीवरून आठवलं. त्याआधी एका सत्रात कोरा कागद देऊन सांगितलं होतं, तुम्ही पोरांना ज्या नावांनी हाक मारता ती लिहा. खरी नावं सोडून. मी लिहिली: गोणपाट, म्हस, लाकूड, पापड. पापड म्हणजे सगळ्यात बारीक पोरगा. शेजारच्या खो-खोच्या सरांच्या कागदावर नऊ होती, त्यातली दोन इथे छापण्यासारखी नाहीत. कागद कोणाला दाखवायचा नव्हता, फक्त घडी करून खिशात ठेवायचा. माझा अजून पाकिटात आहे. ‘गोणपाट’ म्हणजे जो मुलगा, त्याने दोन वर्षांपूर्वी येणं बंद केलं. अभ्यासामुळे, असं त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं.

ग्रूमिंग (आधी माया लावून पोराला जाळ्यात ओढणं) हा शब्द मॅडमनी इंग्रजीच ठेवला आणि तो कोणाच्या डोक्यात शिरेना. मग मागच्या रांगेतले कबड्डीचे एक वयस्कर वस्ताद म्हणाले, ‘म्हणजे आधी गुळाचा खडा, मग गळ.’ त्यानंतर दिवसभर सगळे ‘गुळाचा खडा’ हाच शब्द वापरत होते, मॅडमसुद्धा. फुकट बूट, गाडीवरून घरापर्यंत सोडणं, ‘तुझ्यात काहीतरी वेगळं आहे’, रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘जेवलीस का’. आणि खडा फक्त पोरालाच नाही, घरच्यांनाही दिला जातो, म्हणजे उद्या पोर बोललं तर आईच म्हणावी, सर तसे नाहीत. हे सगळं ऐकताना घाम फुटतो, कारण यातलं निम्मं चांगला प्रशिक्षकही करतोच. मी स्वतः तीन पोरांना बूट घेऊन दिलेत. यावर मॅडमचं सांगणं सोपं होतं: बूट संस्थेच्या नावाने द्या, सगळ्यांसमोर द्या, आणि फोनवर बोलायचं तर पालक असलेल्या ग्रुपवर.

आता तक्रारी.

स्लाइड सगळ्या इंग्रजीत. ३८ पैकी पंचवीस जण तरी त्या वाचत नव्हते. आणि मराठी पुस्तिका आहे, पण ती कोणासाठी लिहिली आहे देव जाणे. ‘बालस्नेही क्रीडा-परिवेशाचे संवर्धन’ असं पहिल्या प्रकरणाचं नाव. माझ्या सहकारी ताईला वाचायला दिली, ती म्हणाली, सर, हे झाडांबद्दल आहे का? वकीलबाई जशा बोलल्या तसंच्या तसं छापलं असतं तर काम झालं असतं.

मुक्कामाच्या स्पर्धांवर वीस मिनिटं, आणि ती बहुतेक ‘प्रशिक्षकाने खेळाडूबरोबर हॉटेलची खोली घेऊ नये’ यावर. आमच्या पोरांनी हॉटेल पाहिलंय ते मिसळ खाण्यापुरतं. आम्ही उतरतो शाळेच्या वर्गात. बाकं एका बाजूला सारून सतरंज्या, दोन वर्गांना मिळून एक बाथरूम, त्याला कडी असेलच असं नाही, आणि येताना-जाताना टेम्पो. भारतीय क्रीडा प्राधिकरणाने २०२२ साली मुलींच्या पथकाबरोबर महिला प्रशिक्षक हवीच असं ठरवलं, ते योग्यच आहे. पण तालुक्याच्या पातळीवर ती महिला कोण, तिचं भाडं कोण देणार, तिची रोजंदारी बुडते त्याचं काय? मी विचारलं. उत्तर आलं, ‘स्थानिक पातळीवर मार्ग काढावा.’ मार्ग काढायलाच तर आलो होतो, बाई.

सगळ्यात मोठी खोट म्हणजे मुलगे. दिवसभरात मुलग्यांच्या वाट्याला जेमतेम दहा मिनिटं आली. केंद्र सरकारने २००७ साली मुलांवरच्या अत्याचारांचा मोठा अभ्यास छापला होता, त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. हा आकडा मॅडमनीच सांगितला आणि पुढच्या स्लाइडला पुन्हा मुलीचंच चित्र. मी लंगोटावर वाढलेला माणूस आहे. मालिश, वस्तादांचे पाय दाबणं, तालमीतच झोपणं, यात काय चालून जातं आणि ते बाहेर का येत नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. पण आमच्याकडची नवी पोरं शिकवायला लागलीत, त्यांना ते कोणीतरी नीट सांगायला हवं. माराबद्दलही तेच. ‘मारू नये’ एवढं सांगून पुढे गेले. हॉलमधले अर्धे लोक मार खाऊन शिकलेले आणि त्याचा अभिमान असलेले, त्यांच्याशी त्यावर वाद घालायला हवा होता.

शेवटी दहा मार्कांची चाचणी, सगळे पास. प्रमाणपत्राचा कागद पुस्तिकेपेक्षा जाड. २०२५ साली राष्ट्रीय क्रीडा प्रशासनाचा कायदा झालाय आणि राष्ट्रीय महासंघांना सुरक्षित खेळाचं धोरण करावं लागणार आहे, त्यामुळे हे प्रमाणपत्र पुढे सगळीकडे मागतील, असं आयोजक म्हणाले. मागोत. पण ज्याला फक्त कागदच हवा त्याला तो इथे फार सहज मिळतो.

परत आल्यावरचं थोडं सांगतो, कारण कार्यशाळेत ते कोणी सांगितलं नाही. मी सोमवारीच नियमांचा कागद फळ्यावर लावला. पालकांचा ग्रुप, एकट्या पोराला थांबवून घ्यायचं नाही, कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी, खाली १०९८ हा नंबर. संध्याकाळी एका मुलीची आई आली, आवाज खाली करून म्हणाली, सर, काही झालंय का? मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही. मुलगी चार दिवस आली नाही. बुधवारी अध्यक्ष आले, म्हणाले, हे वाचून लोकांना वाटेल आपल्याकडे तसं काही चालतं, काढा तो कागद. मी काढला नाही, पण तिथून सरकवून हजेरीच्या टेबलामागे लावला. तडजोड म्हणा.

मग मॅडमचंच ते वाक्य वापरलं. शनिवारी संध्याकाळी पालकांना गादीवर बसवलं आणि आधार कसा देतात ते दाखवलं. बोलणारा मी, धरणाऱ्या आमच्या नववी-दहावीतल्या मुली, वर चढलेली छोटी पोरं. ‘कंबरेला धरतेय, चालेल?’ ‘चालेल.’ ‘सोडतेय.’ एका रिक्षावाल्या वडिलांना हुक्की आली, त्यांनी स्वतः पोराला धरून बघितलं आणि त्यांना पहिल्याच अढीला घाम फुटला. सगळे हसले. चार दिवस न आलेल्या मुलीची आई मागे उभी होती. जाताना तिने एवढंच विचारलं, हात कंबरेच्या खाली कधी लागतच नाही का? मी म्हटलं, गुडघ्याच्या वर पुढून लागतो, आणि पडताना कुठेही लागू शकतो, तेव्हा मी सगळ्यांसमोर सांगेन. मुलगी सोमवारपासून येतेय.

तर जावं की नाही? प्रशिक्षकांनी जावं, वकीलबाई आणि आधाराचं सत्र असेल तर नक्कीच. फी भरण्याआधी फोन करून ही दोन्ही सत्रं आहेत का विचारा, आणि स्लाइड मराठीत आहेत का तेही. वही न्या, पुस्तिकेच्या भरवशावर राहू नका. पुढची तुकडी पुढच्या महिन्यात आहे. आमच्या दोघांनाही पाठवतोय. अध्यक्षांची फीही भरून टाकलीय, माझ्या खिशातून. ते म्हणालेत, त्या रविवारी सत्यनारायण आहे, बघतो.